हलगी वाजली की दिवस बुडाला

हिंगणदऱ्यात सूर्य आपल्या मनानं मावळत नसे. बोथला मावळायचा, गुडीहत्नूरला मावळायचा, हैदराबादेत तर खुद्द निजामाच्या गच्चीवरून कोणाला न विचारता खाली उतरायचा. पण हिंगणदऱ्याच्या डोंगरावर आला की थबकायचा आणि मान वाकडी करून गावाच्या वेशीकडं बघायचा. वेशीत डोमाजी मांग काटक्यांच्या जाळावर हलगी शेकत बसलेला असायचा. कातडं तापून ताणलं की तो उठायचा, गावाकडं तोंड करायचा आणि टिपरू हाणायचा. ते ऐकलं की मगच सूर्याची सुटका. खोटं वाटत असेल तर हिंगणदऱ्यातल्या कोणाही म्हाताऱ्याला विचारा. तो याच्यापेक्षा मोठं खोटं सांगेल.

हलगी वाजली की मांगवाड्यातलं एकही माणूस वेशीच्या आत राहता कामा नये, असा तिथला दस्तूर होता. बाई असो, म्हातारा असो, अंगात ताप असो, हातातलं काम तिथंच टाकून बाहेर निघायचं ते सकाळी पाटलाची गुरं रानात गेल्यावर परत आत यायचं. दस्तूर असा काऊन, म्हणून विचारलं की तीन म्हातारे तीन गोष्टी सांगत. एक म्हणे, देवीनं पाटलाच्या पणज्याच्या सपनात येऊन सांगितलं. दुसरा म्हणे, आमच्या आज्यानं पाळलं म्हणून आम्ही पाळतो. तिसरे चंपतराव. ते गावातले शहाणे, पंचांमध्ये त्यांचा शब्द शेवटचा. ते म्हणत, "दिवसा मांगाची सावली दिसते, माणूस बाजूला सरकते. अंधारात सावली दिसत नाई. मंग ते कोणाच्या अंगावर पडली, हे कसं समजाव?" आणि असं बोलून ते चारी बाजूंना बघत, की बघा, आहे का कोणाच्या डोक्यात एवढा उजेड.

मेलेलं ढोर ओढायला मांग पाहिजे, दोर वळायला पाहिजे, कापूस वेचायला पाहिजे, सुनेचं बाळंतपण करायला मांगीण पाहिजे. फक्त पाठ टेकवताना गाव आपलं एकट्याचं पाहिजे. आणि या सगळ्यावर कडी अशी की मांगांना हाकलायची हलगी मांगानंच वाजवायची. गावातला दुसरा कोण तिला शिवणार? मेल्या जनावराचं कातडं, त्यात मांगाच्या हातचं. म्हणून रोज संध्याकाळी डोमाजी आपल्याच भाऊबंदांना हाकलायचा आणि सगळे निघाले की शेवटी स्वतःला हाकलून घ्यायचा.

डोमाजीची बायको गयाबाई. गावाची सुईण. हिंगणदऱ्यात पंचेचाळिशीच्या आतलं असं एक माणूस नव्हतं, ज्याला पहिला हात तिचा लागला नाही. पुढं तेच माणूस मिसरूड फुटलं की तिची सावली चुकवून चालायचं, ते वेगळं. लोक तिला "गये" म्हणत. घरात बाई अडली की ती "गयाबाई" व्हायची, आणि बाळ आडवं आलं तर "गयामाय". नाळ कापली की पुन्हा "गये".

तिचं डोकं मात्र एका जागी अडकून पडलं होतं. वेशीबाहेर उजव्या हाताला एक हिवराचं झाड आहे. त्या झाडाखाली तिची मनकर्णा गेली.

पोलीस ॲक्शन झाल्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यातली ती गोष्ट. निजामाचं राज्य गेलं होतं, चावडीवर तिरंगा लागला होता, आणि नव्या सरकारची एक डॉक्टरीणबाई मोटार घेऊन गावोगाव फिरत होती. मनकर्णा पहिलटकरीण, माहेरी आलेली. दोन दिवस अडली. बाळ आडवं. गयाबाईनं शंभरावर बाळं वळवली होती, पण पोटच्या पोरीवर तिचे हात चालेनात. तशात कोणी सांगितलं, डॉक्टरीण चावडीवर बसली आहे. मांगवाड्यातल्या चौघांनी बाज उचलली आणि पळत सुटले. सूर्य डोंगरावर दीड हात होता. वेळ होता.

त्या दिवशी गावचा सारा गोळा करणाऱ्या माणिकराव मालीपाटलाला गुडीहत्नूरला लग्नाला जायचं होतं. गाव बंद करून मोकळं व्हावं म्हणून त्यानं हलगी लवकर वाजवायला लावली. डोमाजीचं तोंड गावाकडं, पाठ रस्त्याकडं. मागून कोणाची बाज येते आहे हे त्याला दिसलं नाही. त्यानं टिपरू हाणलं, आणि बाज वेशीत आली.

गयाबाई पाटलाच्या पायाशी लोळली. "मालक, दिवस हाय अजून. तो पाहा, सूर्य दिसून राह्यला!"

माणिकराव बैलगाडीत एक पाय टाकून उभा होता. म्हणाला, "सूर्याले कोण पुसते? हलगी वाजली की दिवस बुडाला. सकाळी आणा."

चावडी तिथून तीस पावलं. डॉक्टरीणबाई चावडीवर बसून चहा पीत होती. तिनं दोनदा विचारलं, आणखी कोणी आहे का? गावानं दोनदा सांगितलं, कोणी नाही बाई, संपले. मोटार पलीकडच्या वाटेनं निघून गेली. मनकर्णानं सूर्य खरोखर बुडायच्या आत जीव सोडला.

डोमाजी त्या दिवसापासून पाटलासमोर एक शब्द बोलला नाही. हलगी वाजवायचा. न वाजवून जाणार कुठं? गयाबाई सहा वर्षं रोज संध्याकाळी त्या हिवरावरून बाहेर निघत होती, आणि सहा वर्षं तिला एकच गोष्ट पाहिजे होती. हलगीच्या धाकानं त्या झाडावरून पुन्हा जायचं नाही. एवढंच. जमीन नको, तुकडा नको.

छप्पन्न साली कार्तिकात राज्यांची वाटणी झाली. किनवटकडचा मुलुख मुंबईच्या राज्यात गेला, आणि हिंगणदरा होता तिथंच राहून आंध्रात गेला. महसुलाचा गिरदावर चावडीवर आला, कागद वाचून दाखवला, जिलबी वाटली गेली. आपण मराठी माणसं इकडं काऊन, म्हणून चंपतरावांनी डोळ्यांत पाणी आणलं. "आपल्याले इचारलं नाई कोणी! आपल्याच देशात आपल्याले रेघेच्या बाहेर टाकलं!" असं ते इतक्या कळवळ्यानं बोलले की गिरदावरानं त्यांना एक जिलबी जास्त दिली. चावडीखाली, बारा हात लांब, मांगवाड्यातली माणसं उभी होती. त्यांना जिलबी पानावर ठेवून मिळाली, वरून टाकलेली.

त्याच दुपारी माणिकरावाची सून कौशल्या अडली.

लग्नाला सात वर्षं झालेली, पहिलीच वेळ. गयाबाई दुपारपासून तिच्याजवळ. पोटावर हात फिरवला आणि तिला कळलं, बाळ पायाळू येणार. वेळ लागणार. तिनं तेल कोमट करून मागितलं, खिडकी लावायला सांगितली, पोरीच्या कपाळावरचे केस मागं सारले. कौशल्येनं तिचा हात धरला तो सोडेना.

ऊन भिंतीवरून वर सरकलं. कौलाला टेकलं. गयाबाईनं हात सोडवून घेतला, पदराला पुसला आणि उभी राहिली.

पाटलीण कुसुमबाई दारातच होती. "कुठी चालली व?"

"निंगते. हलगीची येळ झाली."

"अशी कशी निंगते? पोरगी जीव सोडून राह्यली इकडं!"

"दस्तूर हाय, पाटलीणबाई. तुमच्याच घरचा हाय."

कुसुमबाईनं दार सोडलं. मग ती ओट्यावर गेली आणि तिनं नवऱ्याला अशी हाक मारली की चावडीवरच्या गिरदावराचा घोडा दावं तोडून बोथच्या रस्त्याला लागला आणि त्याच्यामागं गिरदावरही. म्हणून पुढचं जे झालं ते सरकारी कागदात कुठंच नाही.

माणिकराव धावत आला. डोक्याला नवा फेटा, मिशीला जिलबीचा पाक.

"गयाबाई, बस. तुले कोण काई म्हणणार नाई."

"तसं कसं, मालक. वीस-पंचवीस घरं हाकलाची, आन् मले एकटीले ठेवाचं? दस्तूर मोडते."

"माह्या घरचं माणूस मरून राह्यलं, गये!"

"व्हय. मले माहीत हाय कसं वाटते ते."

त्यानं मान खाली घातली. लाजेनं घातली असं कोणी म्हणेल तर त्याला पाटील ठाऊक नाही. तो तोड शोधत होता. गयाबाईनंच ती त्याच्या हातात दिली.

"एक सांगा. सूर्य बुडाला की जाचं, का हलगी वाजली की?"

माणिकरावानं वर बघितलं. त्याला आठवलं. आठवल्याचं तिलाही दिसलं. आत कौशल्या ओरडली, तशी त्याच्या नरड्यातून ते निघालं, "हलगी वाजली की."

"इथं नोको. वेशीत चला. गावासमोर सांगा."

आणि हिंगणदऱ्याचा मालीपाटील एका मांगिणीच्या मागं मागं वेशीपर्यंत गेला. पुढं ती, मागं तो. बघणाऱ्यांच्या माना दुखल्या. वेशीत डोमाजी हलगी शेकून उभा होता, टिपरू वर उचललेलं. माणिकरावानं हात आडवा केला.

"ऐका रे! हलगी वाजेस्तोवर दिवस. सूर्याचं काई नाई. हा माहा हुकूम!"

"ऐकलं न वो?" गयाबाई नवऱ्याला म्हणाली.

डोमाजीनं टिपरू कमरेला खोचलं, हलगी वेशीतल्या दगडावर पालथी ठेवली आणि जाळ लाथेनं विझवला.

गयाबाई परत फिरली. आणि त्यानंतर हिंगणदऱ्यात तो दिवस सुरू झाला ज्याला संध्याकाळच नव्हती.

सूर्य बिचारा वाट बघून बघून आपल्या जोखमीवर उतरला. चंपतरावांच्या लक्षात आलं की दिवा लावला तर रात्र झाली असं होईल, मग मांगीण उठून जाईल. त्यांनी गल्लीगल्लीत सांगून टाकलं, दिवे लावायचे नाहीत, दिवस आहे. देवापुढची समई राहिली, चुली राहिल्या. अंधुक उजेडात लोक भिंतीवर आपटले आणि "केवढं ऊन पडलं बाप्पा" म्हणत कपाळ चोळत बसले. कोंबड्यांना कोणी हुकूम कळवला नव्हता, त्या निमूट झाडावर जाऊन बसल्या. त्यांना दगड मारून खाली उतरवण्यात आलं. एका म्हशीनं पहाट समजून दोनदा दूध दिलं म्हणतात.

पण गंमत तिकडं, आणि इकडं शेतांतून मांगवाडा परत येत होता. कापूस वेचून दमलेली माणसं, डोक्यावर पऱ्हाटीच्या काटक्यांचे भारे. रोज या वेळेला ती वेशीजवळ यायची आणि गावाला वळसा घालून नाल्यातून, गुडघाभर चिखलातून घरी जायची. डोमाजी वाटेत उभा होता.

"दिवस हाय," तो म्हणाला. "सरळ चाला."

पुढची बाई बयनाबाई. म्हातारी, पाठीला पोक. तिनं आभाळाकडं बघितलं, मग डोमाजीकडं. "चांदणी दिसून राह्यली ना बापा."

"पाटलाचा हुकूम हाय. चांदणी खोटी."

बयनाबाई वेशीत शिरली. तिच्यामागं चाळीसएक माणसं. गावातून सरळ, चावडीवरून, देवळावरून. अर्ध्या गल्लीत बयनाबाईला दम लागला तशी ती भारा टाकून तिथंच बसली, आणि बाकीचेही बसले. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर गाव उभं होतं. चंपतराव अंधारात आपल्या अंगावर कोणाची सावली पडली आहे का ते चाचपून बघत होते. कोणी "उठा" म्हणेना. म्हणणार कसं? दिवस होता.

बाळंतिणीच्या खोलीत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. कुसुमबाई दारात समई धरून उभी. "लावू का व? लावते मी. मेला तो दस्तूर."

"राहू द्या," गयाबाई म्हणाली. "दिवा लावला तर मी उठते. माह्या बोटांले डोळे हायेत."

बाळाची एक टाच तिच्या तळव्यात आली होती. लहानशी, गरम, चिकट. आणि त्या अंधारात गयाबाईच्या मनात ते आलं, जे सहा वर्षं दाराबाहेर उभं होतं. काही करायचं नव्हतं तिला. नुसता हात थांबवायचा होता. शंभर अंक मोजेपर्यंत. मग बाहेर जाऊन पदर पसरून म्हणायचं, मालक, सकाळी आणा.

तिच्या दातांवर दात बसले. इतका राग तिला पाटलाचा कधी आला नव्हता तितका त्या क्षणी आला. पंचेचाळीस वर्षं बाळंतपणं केलेल्या तिच्या हातांना त्यानं हा विचार शिकवला होता म्हणून. "तुह्या घरची मी होणार नाई," ती पुटपुटली. कौशल्येला वाटलं, आपल्यालाच म्हणाली. ती रडत म्हणाली, "मावशी, सोडू नोको व."

"सोडत नाई माय. घे श्वास. आता कळ आली की दाब. हां. अजून. अजून एक, वाघीण माही."

दुसरी टाच आली. कंबर आली. गयाबाईनं बाळाची पाठ वर वळवली, खांदा मोकळा केला, दुसरा केला, हनुवटी बोटानं छातीला टेकवली. आणि बाळ बाहेर आलं ते निळं, गप्प. तिनं पाठीवर थोपटलं, नाकातोंडातलं बोटानं काढलं, तळपायाला टिचकी मारली. पोरगी अशी काही ओरडली की बेज्जूरच्या जंगलात वाघानं तोंडातला घास टाकला.

"पोट्टी झाली," गयाबाईनं दारातून सांगितलं. "माय-लेक खुशाल."

माणिकराव ओट्यावर येरझाऱ्या घालत होता. थांबला.

"पोट्टी?"

"पोट्टी."

"आन् त्यासाठी माणसाच्या गावात मांग बसवून घेतले मी?" त्याचा जीव भांड्यात पडला होता, आणि जीव भांड्यात पडला की अशा माणसाचं तोंड सुटतं. फेटा सावरून तो गल्लीत उतरला, बसलेल्या माणसांकडं बघितलं आणि वेशीकडं बोट केलं. "डोम्या! वाजव!"

गयाबाईनं नाळ पुरायला दिली, हात धुतले आणि त्याच्यामागून वेशीत आली. रानातली पाखरं केव्हाच गप्प झाली होती. गाव गोळा झालं, गल्लीत बसलेला मांगवाडाही उठून आला. आता लपवायचं काही नव्हतं म्हणून कोणीतरी टेंभा पेटवला.

डोमाजीनं हलगी दगडावरून उचलली नाही. सहा वर्षांनी तो पाटलाशी बोलला.

"गार झाली, मालक. शेकल्याबगर वाजत नाई."

"मंग शेक."

"माह्या हातानं आता शेकत नाई. अन् वाजतही नाई."

"काऊन रे? मस्ती आली?"

"त्या दिवशी वाजवली माह्या हातानं. मागं पाह्यलं नाई. आता हे हात मागं पाहून राह्यले." तो बाजूला झाला. "तुमी वाजवा. तुमचा दस्तूर, तुमचा हुकूम. तुमी वाजवली की आमी निंगतो. एक माणूस मागं राह्यणार नाई, माही जबान हाय."

चाळीस माणसं भारे डोक्यावर घेऊन जायला उभी राहिली. बिचारी आज्ञाधारक, हलगी वाजायची खोटी. आणि हलगी दगडावर पडलेली. तिला शिवायचं कोणी?

माणिकरावानं चंपतरावांकडं बघितलं. चंपतरावांनी मागच्याकडं बघितलं. मागचा आपल्या मागं बघायला वळला तर तिथं भिंत होती. मग एकाला अक्कल सुचली. त्यानं खडा मारला. खडा कातड्यावर पडला, भप्. दवानं सैल पडलेलं कातडं. दुसऱ्यानं मारला, भप्. मग सगळं गावच खडे मारायला लागलं. हिंगणदऱ्याची इभ्रत त्या रात्री आपल्याच हलगीवर दगडफेक करत होती आणि तिच्यातून आवाज येत नव्हता. बयनाबाई फिसकन हसली. मग पोरीबाळी हसल्या. मांगवाडा गावाच्या आत, गावासमोर, तोंडावर हसला.

हसणं माणिकरावाला सोसलं नाही. तो पुढं झाला, हलगी उचलली, टेंभ्यावर धरली, डोमाजीच्या कमरेचं टिपरू हिसकलं आणि वेड्यासारखा बडवायला लागला. ताल ना सूर, ओल्या घोंगड्यावर काठी मारल्यासारखं फदफद फदफद.

पण वाजली. सगळ्यांनी ऐकली.

डोमाजीची जबान होती. त्यानं मान हलवली. बयनाबाईनं भारा सावरला. माणसं हळूहळू वेशीबाहेर निघाली. गयाबाई सगळ्यांच्या शेवटी. सहा वर्षांत जे पाहिजे होतं ते हातात येऊन गेलं होतं. टेंभ्याच्या उजेडात समोर हिवर दिसत होता. तिनं एक पाय बाहेर टाकला.

मागं चंपतरावांचा आवाज आला. "माणिकराव! हलगीले हात लागला तुमचा. इटाळ झाला."

गयाबाई थांबली.

"मंग?" माणिकराव धापा टाकत म्हणाला. हलगी अजून त्याच्या हातात होती, ती त्यानं जळत्या निखाऱ्यासारखी खाली टाकली.

"मंग काई नाई. हे त काई मोठं नाई." चंपतरावांनी हाक मारून वाटी मागवली. वाटीत गोमूत्र, वर तुळशीचं पान. पान बुडवून त्यांनी पाटलाच्या डोक्यावर तीनदा शिंपडलं, हातांवर शिंपडलं, नव्या फेट्यावर जपून दोनच थेंब टाकले. "झालं. चला जेवाले."

गाव हसलं. पाटीलही हसला, मिशी पुसली.

वेशीबाहेर टाकलेला पाय गयाबाईनं आत घेतला.

"झालं?" ती म्हणाली.

कोणाला कळलं नाही ती कोणाशी बोलते.

"एवढंच होतं? वाटीभर? मेल्या ढोराचं कातडं पोटाशी धरून बडवलं यानं, आन् हा तीन शिंतोड्यांत चोखा झाला?" तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाला दगड मारता येतो. "मंग माह्या मनकर्णाले काऊन नाई शिंपडलं रे? बाज इथीच होती. हे वाटी गावातच होती. गाय गोठ्यात होती. तुळस अंगणात होती. शिंपडून आत नेली असती! तीस पावलं! तीन शिंतोडे, तीस पावलं, आन् माही पोरगी आज..."

माणिकराव म्हणाला, "गये, झालं ते झालं. तुले वाटते त तू रात्रीची राहत जा आत. तुह्यापुरती सूट."

"सूट?" गयाबाई त्याच्या इतकी जवळ गेली की तो मागं सरला. "तुह्या नातीले आता माह्या हातानं बाहेर काढलं मी. तुलेही माह्याच हातानं काढलं होतं. उलटा होता तू बी, पायाळू. तवा कोणी शिंपडलं नाई माह्या हातांवर. तुह्या सुटीवर थुंकते मी."

आणि ती चालायला लागली. वेशीकडं नाही, चावडीकडं. पावलं मोजत नव्हती, नुसती चालत होती. चावडीच्या पायऱ्या चढली आणि जिथं दुपारी गिरदावर बसला होता, जिथं त्या दिवशी डॉक्टरीण बसली होती, तिथं मांडी घालून बसली.

बाहेर निघालेली माणसं थांबली होती. बयनाबाई आधी वळली. हिवरापाशी भारा टाकला आणि मोकळ्या डोक्यानं आत आली. मग एकेक करून सगळी.

डोमाजीनं खाली पडलेली हलगी उचलली. तो विझलेल्या जाळाशी बसला, फुंकून निखारे फुलवले, वर पऱ्हाटी टाकली. गावाला वाटलं, म्हाताऱ्याला अक्कल आली, शेकतो आहे. त्यानं हलगी जाळावर धरली नाही, जाळात ठेवली. कातडं आकसलं, काळं पडलं, तडकलं. जळक्या चामड्याचा वास घराघरांत शिरला, समईच्या वातीपर्यंत, जिलबीच्या पानांपर्यंत. गावानं नाकं दाबली.

"उतर खाली," माणिकराव चावडीखाली उभा राहून ओरडला. "उतर, नाईतर माणसं घालतो अंगावर!"

"घाल," गयाबाई म्हणाली. "एक एक करून पाठव. समद्यांच्या नाळा म्याच कापल्या हायेत." मग तिनं पाटलावरची नजर काढली आणि ओट्यावर उभ्या असलेल्या कुसुमबाईला हाक दिली. "पाटलीणबाई! पोरीले गुंडाळून ठेवा, गारठा हाय. सकाळी न्हाऊ घालाले येते मी. मले आता लांबून याचं नाई, इथूनच येते."